पीएसए ३.४ आणि वजन ११० किलो : हा आकडा खरंच नॉर्मल धरायचा का?

तुम्ही दिलेली माहिती आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज होत असेल तर तुम्हाला दुरुस्त करता येईल. वय ५८, उंची १७० सेंटिमीटर, वजन ११० किलो. लघवीचा विशेष त्रास नाही. नेहमीच्या तपासणीत पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी, ३.४ आला. रिपोर्टवर ४.० पर्यंत नॉर्मल असं छापलेलं असल्यामुळे कुणी काही बोललं नाही. नंतर तुमच्या वाचनात आलं की जाड माणसांत पीएसए मुळातच कमी दिसतो. आता तुमचा प्रश्न असा, की या ३.४ मध्ये किती मिळवायचे, आणि मिळवल्यावर तो ४ च्या वर गेला तर बायोप्सी (सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणं) करावी लागेल का.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. मी पंचवीसेक वर्षं प्रोस्टेटचे रुग्ण पाहतोय आणि अजूनही बहुतेक वेळा रिपोर्टवर वजनाचा उल्लेखही नसतो, त्यामुळे तुम्ही स्वतःहून हा प्रश्न विचारलात याचं मला बरं वाटलं. मात्र ‘किती मिळवायचे’ यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या बाबतीत इथेच थांबायचं की एक पायरी पुढे जायचं, हे ठरवायला वजनाची माहिती काही मदत करते का? तुमच्या आकड्यावर करते. हाच आकडा ०.८ असता तर जवळजवळ काहीच फरक पडला नसता. हे कसं, ते आता सविस्तर सांगतो.

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेलं एक प्रथिन. त्याचं खरं काम वीर्य पातळ करण्याचं. त्यातलं थोडंसं रक्तात झिरपतं आणि तेवढंच आपण मोजतो. प्रोस्टेट वाढली, तिला सूज आली, जंतुसंसर्ग झाला किंवा कॅन्सर झाला, तर झिरपणं वाढतं. प्रयोगशाळा मात्र रक्तात एकूण किती पीएसए आहे ते सांगत नाही. एका मिलीलिटरमध्ये किती नॅनोग्रॅम आहे, एवढंच सांगते. म्हणजे आकडा दोन गोष्टींवर ठरतो : ग्रंथीतून किती आलं, आणि ते किती द्रवात मिसळलं. चमचाभर मीठ एका तांब्यात टाकलं काय आणि घागरीत टाकलं काय, मीठ तेवढंच, पण चव वेगळी.

शरीर मोठं झालं की रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. तुमच्याच मापांवर करून पाहू. उंची आणि वजनावरून शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढायचं जुनं सूत्र आहे, १९१६ सालचं. त्यावरून पुरुषांच्या प्लाझ्माचा अंदाज बांधता येतो. १७० सेंटिमीटर उंचीच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषात तो सुमारे ३ लिटर येतो. त्याच उंचीला ११० किलोवर सुमारे ३.६५ लिटर. वजन ५७ टक्क्यांनी वाढलं, पण प्लाझ्मा साधारण २१ टक्क्यांनीच, कारण चरबीला इतर अवयवांच्या मानाने रक्त कमी लागतं. आता दोघांच्या प्रोस्टेटमधून अगदी सारखंच पीएसए रक्तात येतंय असं धरा. सडपातळ माणसाचा रिपोर्ट ४.० आला, तर ११० किलोच्या माणसाचा येईल ३.३. एकाच्या रिपोर्टला लॅब ‘जास्त’ असा शिक्का मारेल आणि दुसऱ्याच्या नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २००७ साली अमेरिकेत प्रोस्टेट काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झालेल्या १३ हजारांहून अधिक पुरुषांच्या नोंदी तपासल्या गेल्या. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३५ च्या वर असलेल्यांत पीएसएचं प्रमाण सामान्य वजनाच्या पुरुषांपेक्षा ११ ते २१ टक्क्यांनी कमी होतं आणि त्यांचा प्लाझ्मा त्याच अंदाजाने जास्त होता. तुमचा बीएमआय ३८ आहे, म्हणजे तुम्ही याच गटात येता. त्याआधी २००५ साली टेक्सासमधल्या सुमारे २,८०० पुरुषांच्या अभ्यासात, ज्यांना कॅन्सर नव्हता अशांत, सामान्य वजनाच्या गटाची सरासरी १.०१ होती आणि सर्वांत स्थूल गटाची ०.६९. वजनाच्या प्रत्येक पायरीला सरासरी खाली येत गेली होती.

दुसऱ्या अभ्यासातला फरक नुसत्या पातळ होण्याने येईल त्याहून मोठा दिसतो. तिथे दुसरं कारण लक्षात घ्यावं लागतं : हार्मोन. पीएसए बनवण्याचा हुकूम प्रोस्टेटच्या पेशींना टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी हार्मोनकडून मिळतो. चरबीच्या पेशींत टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करणारं एन्झाइम असतं. पोटाचा घेर वाढला की टेस्टोस्टेरॉन अनेकदा उतरतं आणि मुळात पीएसए तयारच थोडं कमी होतं. मधुमेह असलेल्यांतही पीएसए काहीसं कमी आढळतं. तुमच्याबाबत यातला कुठला वाटा किती, हे एका रिपोर्टवरून सांगता येत नाही. म्हणूनच ‘अमुक टक्के मिळवा’ असं पक्कं सूत्र मी कुणाला देत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. प्लाझ्मा वाढतो तो शरीराच्या आकारमानामुळे, फक्त चरबीमुळे नाही. सहा फुटांहून उंच, व्यायामाने कमावलेल्या शंभर किलोच्या माणसाच्या रक्तातही पीएसए तसाच पातळ होतो. त्याला कुणी जाड म्हणणार नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा विचार कुणाच्या मनातही येत नाही.

आता तुमचा ३.४. पातळ होण्याची भरपाई म्हणून २१ टक्के धरले तर तो ४.१ होतो. लगेच घाबरू नका, कारण ही ४.० ची रेघ तितकी पवित्र नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत पीएसए कधीच ४.० च्या वर न गेलेल्या पुरुषांचीही शेवटी बायोप्सी केली गेली. २००४ साली त्याचे निष्कर्ष आले : त्यांच्यातल्या १५.२ टक्के पुरुषांत कॅन्सर सापडला. बहुतेक सौम्य प्रकारचा, पण सगळा नव्हे. उलट ४ च्या वर आकडा असलेल्या कित्येकांना कॅन्सर नसतो, फक्त वयानुसार वाढलेली ग्रंथी असते. ब्रिटनमध्ये वयोगटानुसार मर्यादा बदलतात. पन्नाशीतल्या पुरुषाला ३.५ च्या वर गेलं की तज्ज्ञाकडे पाठवा असं तिथलं मार्गदर्शन आहे. म्हणजे तुमचा आकडा एका देशाच्या रेघेला जवळजवळ टेकलेला आणि दुसऱ्याच्या रेघेपासून दूर. धोका हा उतारासारखा हळूहळू चढतो, रेघ आपण सोयीसाठी ओढलेली असते.

त्यात पीएसए स्वतःही स्थिर नसतो. एकाच माणसाचं रक्त दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलं तर काही आजार नसतानाही १५-२० टक्के वरखाली होऊ शकतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटमध्येही जवळपास तेवढा फरक पडतो, कारण त्यांची प्रमाणं वेगळी लावलेली असतात. म्हणजे वजनाचा परिणाम आणि हा नेहमीचा चढउतार साधारण एकाच मापाचे आहेत. म्हणून माझं म्हणणं असं : वजनामुळे होणारी घट खरी आहे, पण तिच्यामुळे निर्णय बदलतो तो फक्त सीमेजवळ. ०.८ चा १ झाला तरी काही करायचं नसतं. ९ चा ११ झाला तरी जे करायचं ते आधीच ठरलेलं असतं. २.५ ते ४ च्या पट्ट्यात मात्र भारी वजनाच्या माणसाला ‘नॉर्मल आहे, पुढच्या वर्षी या’ असं म्हणण्याआधी मी थांबतो.

थांबायला मी एका रुग्णाकडून शिकलो. साठीच्या आसपासचे गृहस्थ, वजन १२० च्या घरात. तीन वर्षांचे रिपोर्ट : २.७, ३.१, ३.५. दुसऱ्या वर्षीचा रिपोर्ट मीच पाहिला होता आणि ठीक आहे म्हणून परत पाठवलं होतं. तिसऱ्या वर्षी तिन्ही कागद टेबलावर एका ओळीत ठेवले तेव्हा चढ दिसला. बोटाने तपासणी करायला गेलो, तर ग्रंथीच्या खालच्या कडेला जेमतेम बोट टेकलं. नितंबांची जाडी मध्ये आली की बोट वरपर्यंत पोहोचतच नाही. जेवढं हाताला लागलं तेवढं मऊ होतं आणि त्यावरून मी काहीच ठरवू शकत नव्हतो. एमआरआय केला. ग्रंथीच्या पुढच्या भागात, जिथे बोट कुणाचंच पोहोचत नाही, तिथे डाग होता. बायोप्सीत ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारी श्रेणी) ४+३ निघाला, म्हणजे वाट पाहत बसण्यासारखा नव्हे. शस्त्रक्रिया झाली, आज ते बरे आहेत. पण एक वर्ष माझ्याकडून गेलं, आणि त्या वर्षाबद्दल मला आजही वाईट वाटतं.

त्यांच्या गोष्टीत वजनाचे आणखी परिणाम दिसतात, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची काळजी आकड्यापेक्षा जास्त वाटते. बोटाची तपासणी कमी भरवशाची होते. स्थूल पुरुषांची ग्रंथी अनेकदा आकाराने मोठी असते, त्यामुळे बायोप्सीच्या सुया छोट्या गाठीच्या शेजारून निघून जाण्याची शक्यता वाढते. पीएसए कमी दिसल्यामुळे तपासणीच उशिरा होते. हे सगळे उशीर एकावर एक चढतात. पण सगळा दोष उशिराचा नाही. वर ४.० च्या रेघेबद्दल सांगताना ज्या अमेरिकेतल्या चाचणीचा उल्लेख केला, तिच्यातल्या १० हजारांहून अधिक पुरुषांची बायोप्सी पाहून वजनाचा हिशेब मांडला गेला. बीएमआय ३० च्या वर असलेल्यांत सौम्य कॅन्सर १८ टक्के कमी आणि आक्रमक कॅन्सर २९ टक्के जास्त आढळला. त्या चाचणीत पीएसए कमी असलेल्यांचीही बायोप्सी होत होती, म्हणून हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. नुसता ‘उशिरा सापडला’ एवढ्याने तो उलगडत नाही. या आजाराने होणारे मृत्यूही स्थूल पुरुषांत जास्त आहेत.

आता तुमच्या बाबतीत मी काय करेन ते सांगतो. यातलं बरंचसं तुम्ही न लिहिलेल्या गोष्टींवर अवलंबून आहे.

सगळ्यात आधी औषधं विचारेन. केस गळतात म्हणून किंवा प्रोस्टेट वाढली म्हणून फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेता का? केसांसाठीची १ मिलिग्रॅमची गोळीसुद्धा यात धरायची. सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर ही औषधं पीएसए साधारण निम्म्यावर आणतात. तसं असेल तर तुमचा ३.४ म्हणजे प्रत्यक्षात ६.८ च्या आसपास, आणि त्यापुढे वजनाची चर्चाच गौण ठरते. रुग्ण केसांच्या गोळीला औषध मानत नाहीत, विचारल्याशिवाय सांगत नाहीत, म्हणून हा प्रश्न मी दोनदा विचारतो. मात्र आकडा तपासायचा म्हणून ती गोळी मनानेच बंद करू नका. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल तर त्यानेही थोडी घट होते, पण फार नाही.

मग घराण्याचा इतिहास. वडील किंवा सख्खा भाऊ यांच्यापैकी कुणाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. आईच्या बाजूला कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालेला असेल तर तेही सांगा, कारण बीआरसीए२ या जनुकातला दोष पुरुषांत प्रोस्टेटच्या आक्रमक कॅन्सरशी जोडलेला आहे. जुने रिपोर्ट असतील तर शोधून काढा. दहा वर्षांपूर्वीही ३.२ असेल तर माझी चिंता बरीच उतरेल. दोन वर्षांपूर्वी १.६ असेल तर वाढेल.

त्यानंतर रक्त पुन्हा एकदा तपासेन, सहा ते आठ आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये. आधीचे दोन दिवस वीर्यपात नको, लांबवर सायकल चालवणं नको. मधल्या काळात लघवीचा जंतुसंसर्ग झाला तर तो पूर्ण बरा होऊन दीड-दोन महिने होईपर्यंत तपासणी पुढे ढकला. याच वेळी फ्री पीएसएही मागवेन. रक्तात पीएसए दोन रूपांत फिरतं, काही मोकळं आणि बरंचसं दुसऱ्या प्रथिनांना चिकटलेलं. कॅन्सरमध्ये मोकळ्याचा वाटा घटतो. वजनदार माणसासाठी याचा एक खास फायदा आहे : हे गुणोत्तर आहे. द्रव वाढून दोन्ही सारखेच पातळ झाले तरी त्यांचं एकमेकांशी प्रमाण तेच राहतं. मोकळा वाटा २५ टक्क्यांच्या वर असेल तर दिलासा, १० च्या खाली असेल तर पुढे जायलाच हवं, आणि मधे असेल तर बाकीच्या गोष्टींसोबत तोलायचं.

ग्रंथीचा आकार कळणंही तितकंच गरजेचं आहे. पीएसएला आकाराने भागलं की घनता मिळते, आणि ०.१५ च्या वर घनता गेली की आम्ही सावध होतो. तुमची ग्रंथी ६० मिलीलिटरची असेल तर ३.४ ची घनता ०.०६ सुद्धा होत नाही. वजनाची भरपाई करून ४.१ धरले तरी ती ०.०७ च राहते, म्हणजे एवढं पीएसए एवढ्या मोठ्या ग्रंथीला साजेसं आहे. ग्रंथी २५ मिलीलिटरची असेल तर मात्र ३.४ ची घनता ०.१४ आणि ४.१ ची ०.१६. इथे वजनाची भरपाई रेघेच्या एका बाजूचं उत्तर दुसऱ्या बाजूला नेते.

दुसऱ्यांदाही आकडा असाच आला, फ्री पीएसए कमी निघाला किंवा घनता सीमेजवळ असली, तर मी थेट बायोप्सी सांगणार नाही, आधी एमआरआय सांगेन. २०१७ आणि २०१८ मधल्या मोठ्या चाचण्यांनंतर बायोप्सीआधी एमआरआय ही बऱ्याच ठिकाणी रीत झाली आहे. त्यामुळे अनेकांची बायोप्सी टळते, आणि करावीच लागली तर सुई नेमकी कुठे घालायची ते कळतं. बोट पोहोचत नाही, सुई चुकू शकते, अशा तुमच्यासारख्या शरीरयष्टीच्या माणसाला एमआरआयचा उपयोग जास्तच. तारीख घेताना वजन आणि पोटाचा घेर आधीच सांगून ठेवा. मशीनच्या बोगद्याची रुंदी सगळीकडे सारखी नसते, आणि आत गेल्यावर ‘बसत नाही’ असं ऐकून परत येणं माणसाला फार लागतं.

बायोप्सीबद्दल तुम्ही घाबरून विचारलंय, म्हणून दुसरी बाजूही मांडायला हवी. तिच्यात रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका असतो. त्याहून मोठा धोका म्हणजे आयुष्यभर ज्याने काही केलं नसतं असा सुस्त कॅन्सर सापडणं आणि त्याच्यावर विनाकारण उपचार होणं. म्हणूनच अमेरिकेतलं २०१८ चं मार्गदर्शन ५५ ते ६९ वयात पीएसए तपासणी सरसकट करा असं म्हणत नाही. डॉक्टरशी बोलून आपापलं ठरवा, आणि सत्तरीनंतर नेहमीची तपासणी म्हणून करू नका, असं म्हणतं. वजनाची भरपाई करायच्या नावाखाली प्रत्येक स्थूल माणसाचा पीएसए फुगवून सगळ्यांना सुया टोचल्या, तर आपण एक चूक टाळून दुसरी करू.

शेवटी तुम्ही विचारलंय की आधी वजन उतरवून मग तपासणी करावी का. वजन जरूर उतरवा, हृदयासाठी, साखरेसाठी, गुडघ्यांसाठी. पण त्यासाठी दुसरी तपासणी थांबवू नका. तीस किलो उतरायला वर्ष-दीड वर्ष जातं आणि तेवढा वेळ हा प्रश्न लोंबकळत ठेवणं बरोबर नाही. आणि वजन उतरल्यावर पीएसए थोडा वाढला तर दचकू नका. माझ्या एका रुग्णाचं लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर वजन १२८ वरून ८९ किलोवर आलं आणि पीएसए १.२ वरून १.५ झाला. त्यांची बायको रिपोर्ट घेऊन रडत आली होती. प्लाझ्मा घटला की आकडा १.४ पर्यंत जाणार हे नुसत्या हिशेबाने कळत होतं, शिवाय चरबी घटली की टेस्टोस्टेरॉनही सुधारतं. सहा महिन्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही आकडा १.५ वरच थांबलेला होता.

तेव्हापासून मी पीएसएच्या प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात त्या दिवशीचं वजन पेनाने लिहितो. तुमच्या ३.४ शेजारी ११० लिहा, तारीख टाका, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तो कागद बरोबर न्या.